वास नाही

१९ ऑक्टोबर

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये ओढ्याची मीटिंग होती. मी जाणार नव्हतो. पण खालच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या ताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काका, घरी बसून भिंतींशी काय बोलणार? चला." मी भिंतींशी बोलत नाही. पण गेलो.

महापालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी समजावून सांगितलं की आमच्या गल्लीमागचा नाला हा नाला नाहीच, ओढा आहे. वरच्या वस्तीतून त्यात येणारं सांडपाणी आता वेगळ्या पाइपात घातलं आहे. काठावरचा राडारोडा उचलला, गवत लावलं, बाक येणार आहेत. थंडीनंतर समिती पाहणी करणार. तोवर वास गेला असेल तर ओढा उघडा राहील आणि दोन्ही काठ लोकांना बसायला-फिरायला मिळतील. वास असेल तर जुनाच बेत: वरून स्लॅब आणि स्लॅबवर पार्किंग.

"म्हणजे सगळं नाकावर आलं," कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला. त्याला स्लॅब हवा आहे. गाड्या लावायला त्याची जागा पुरत नाही, आणि हे तो लपवतही नाही.

"हो, नाकावरच," बाई म्हणाल्या. पुलावर एक फळा लावणार. रोज सकाळी एकाच माणसाने तिथे उभं राहून वास घ्यायचा आणि लिहायचं: फार, थोडा किंवा नाही. वास आला की बाई माणसं पाठवणार, कुठे गळतंय ते शोधणार. कोण करणार, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ताई म्हणाल्या, "आमचे काका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. जन्मभर बाटल्या हुंगल्यात त्यांनी."

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. बाटल्या हुंगत नव्हतो, त्यांना चिठ्ठ्या लावत होतो. पण हे सांगेपर्यंत खडू माझ्या हातात आला होता.

माझी बायको उन्हाळ्यात गेली. ती असती तर हसली असती. या वासापायी तिने मागची खिडकी कधी उघडली नाही. "मागे नाला, पुढे तुम्ही. मी जाऊ कुठे?" म्हणायची.

रोज रात्री तिला दिवसभराचं सांगायची सवय होती. आता इथे लिहायचं ठरवलं आहे.

२० ऑक्टोबर

पहिला दिवस. पुलाच्या मध्यावर उभा राहिलो, डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. निदान थोडा तरी येईल असं वाटलं होतं. पाइप इतक्या लवकर काम करेल याची कल्पना नव्हती. फळ्यावर लिहिलं: वास नाही.

घरी येऊन मागची खिडकी उघडली. बिजागऱ्या गंजल्या होत्या, तेल घालावं लागलं. ऊन थेट हिच्या पलंगापर्यंत आलं.

२४ ऑक्टोबर

मुलीचा फोन. ती दूर असते, नोकरीमुळे तिला येता येत नाही.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"होतं काहीतरी."

खोटं बोलायला नको म्हणून सांगितलं की कशालाच चव नाही. "आई गेल्यावर असं होणारच बाबा. वेळ लागतो," म्हणाली. ही गेल्यावर मी तापाने पडलो होतो, तेव्हापासून हे असंच आहे. तेव्हा डॉक्टरांनीही हेच सांगितलं, मन लागत नाही म्हणून तोंडाला चव नाही. सगळेच सांगतात म्हणजे तसं असेल.

फळा: वास नाही.

२ नोव्हेंबर

वीजमीटर बघणारा माणूस आला होता. रुमालाने तोंड झाकून जिना चढला. सर्दी झाली असावी. आत आला आणि म्हणाला, "काका, खिडकी लावून घ्या की." मी म्हटलं, वारा चांगला आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, मीटरचा आकडा लिहिला आणि पाणीही न पिता गेला. पूर्वी बसायचा, हिच्याशी गप्पा मारायचा.

९ नोव्हेंबर

दूध करपलं. मी तिथेच, स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो. ताई धावत वर आल्या, दारावर थापा मारत. "अहो, काका! काय जाळताय? खाली माझ्या कपड्यांना वास लागला!" बघतो तर पातेलं काळंठिक्कर. मन थाऱ्यावर नाही, दुसरं काय. त्यांनीच गॅस बंद केला. पातेलं घासलं पण डाग निघाला नाही. मुलीला सांगितलं नाही. सांगितलं की ती पुन्हा "माझ्याकडे या" म्हणणार.

१३ नोव्हेंबर

पुलावर आता माझं नाव पडलं आहे. गॅरेजवाल्याने पाडलं. मी फळ्याशी उभा राहिलो की तो गाडीखालून ओरडतो, "काय नाकसाहेब, आज काय निकाल?" मी खडूने लिहितो, तो मोठ्याने वाचतो: "वास नाही! वा! आमच्या नाकाला मेलं काय झालंय कोण जाणे!"

स्लॅब हवा असलेला माणूस दुसरं काय म्हणणार.

काठावरचं गवत धरलं आहे. एक बाक बसवला. मी त्यावर थोडा वेळ बसलो. दुसरं कोणी आलं नाही.

१७ नोव्हेंबर

ताईंनी मला दुकानासमोर अडवलं. हातात मोजपट्टी होती. "काका, तुम्ही फळ्यावर रोज काय लिहिता हो? दोन दिवस गिऱ्हाईक दारातूनच परत जातंय. ओढणी नाकाला लावूनच बोलतात बायका."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, बरीच वर्षं तो वास सोसल्यामुळे तो आपल्या डोक्यात बसलेला असतो. वास गेला तरी आठवण येत राहते. प्रयोगशाळेत उलटंही होतं, रोजच्या वासाची नाकाला सवय होते आणि तो कळेनासा होतो. नाक हे फार भरवशाचं साधन नाही.

"मग तुमच्या नाकावर कसा भरवसा ठेवलाय सगळ्यांनी?" त्या म्हणाल्या. "आणि सवयीने वास कमी होतो ना? मला तर वाढलेला वाटतोय."

पण त्यांचं दुकान तळमजल्यावर आहे, गटाराचं झाकण दाराशीच आहे. तिथून येत असेल.

फळा: वास नाही.

२८ नोव्हेंबर

इंजिनिअर बाई धावतपळत आल्या. त्यांच्याकडे अशा बऱ्याच ओढ्यांचं काम आहे, इकडे यायला सवड होत नाही. सर्दीने त्यांचा आवाज बसला होता. फळा बघून फार खूश झाल्या. "काका, तुमच्यामुळे मी निर्धास्त आहे. बाकीच्या ठिकाणी रोज भांडणं. इथलं मी अहवालात लिहूनही टाकलं." समिती पुढच्या महिन्यात येणार आहे, ठरलं त्याच्या आधीच. बाईंनीच बोलावून घेतली.

मी त्यांना खिडकीचं सांगितलं. आमच्या हिला हे बघायला मिळायला हवं होतं, असंही म्हणालो. एरवी मी असं काही बोलत नाही. त्या म्हणाल्या, "मिळालं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?" मी म्हटलं, "म्हणाली असती, आता फक्त तुम्ही उरलात."

बाई हसल्या. मीही.

६ डिसेंबर

हिचं कपाट उघडलं. गेल्यापासून मुद्दाम बंद ठेवलं होतं, हवा लागू नये म्हणून. आतला जांभळा स्वेटर ती रोज सकाळी घालायची. तो धुतलेला नाही. अगदीच राहवलं नाही तर उघडायचं, असं ठरवलेलं होतं. आज राहवलं नाही.

चेहरा पूर्ण आत घातला.

काही नाही. नुसती लोकर.

उशीर केला. आधीच उघडायला हवं होतं.

१५ डिसेंबर

समिती आली.

मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गल्लीतले लोक पुलाच्या दोन्ही टोकांना उभे होते. समितीतले पहिले गृहस्थ पुलावर चढले आणि त्यांनी रुमाल काढला. मग दुसऱ्यांनीही. रस्त्यावर धूळ होती, मला वाटलं म्हणून. अध्यक्ष वयस्कर होते, ते रुमाल न काढताच आले. त्यांनी विचारलं, "रोजची नोंद कोण करतं?" बाईंनी माझ्याकडे हात केला. त्यांचा चेहरा उतरलेला होता, तो का ते मला कळलं नाही.

मी कालचं पुसलं. सावकाश श्वास घेतला. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं: वास नाही.

मग गॅरेजवाला मागून म्हणाला, "नाकसाहेब, आज नाक घरी विसरलात का?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले. नंतर ते बाईंकडे वळले आणि हसू आवरून म्हणाले, "असल्या नोंदींवर तुम्ही आम्हाला इथवर आणलंत?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खडू खाली ठेवला.

गर्दी पांगल्यावर ताई जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, खरंच येत नाही?"

"नाही येत. वास नाहीच आहे."

"मी ओढ्याचं नाही विचारलं. तुमचं विचारलं."

१६ डिसेंबर

प्रयोग केला. सारख्या वाट्या घेतल्या. एकीत फिनेल, एकीत व्हिनेगर, एकीत चिरलेला कांदा, एकीत कुटलेली डांबरगोळी, एकीत अमोनियाचे थेंब, एकीत नुसतं पाणी. प्रत्येकीच्या बुडाला चिठ्ठी लावली. डोळ्यांवर टॉवेल बांधला, वाट्या टेबलावर फिरवल्या आणि एकेक नाकाशी धरली.

अमोनियाने डोळ्यांतून पाणी आलं. आत टोचलं. पण टोचणं वेगळं आणि वास वेगळा. बाकी कोणती वाटी कोणती, काही सांगता आलं नाही. फिनेल आणि पाणी सारखंच. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

म्हणजे तापापासून. म्हणजे दूध, मीटरवाला, ताईंचं गिऱ्हाईक, सगळं. इतके दिवस मी फळ्यावर ओढ्याची नाही, माझी नोंद करत होतो.

मागची खिडकी लावून घेतली.

१८ डिसेंबर

इंजिनिअर बाईंच्या ऑफिसात गेलो. बाहेर बाकावर बरंच बसावं लागलं. आत गेल्यावर त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "काका, तुम्ही एकदा जरी 'थोडा' लिहिलं असतंत ना, मी दुसऱ्या दिवशी माणसं पाठवली असती. तेवढ्यासाठीच तर फळा होता."

मी सांगितलं. वाट्यांचंही सांगितलं. त्यांनी पेन ठेवलं.

"लोक म्हणतायत, मीच तुम्हाला शिकवून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "अध्यक्षसाहेबांनाही तसंच वाटतंय."

"मी त्यांना जाऊन सांगतो."

"काय सांगाल? की मला वास येत नाही? नोंद ठेवणाऱ्या माणसाने? हसतील तुम्हाला."

"त्या दिवशी हसून झालंय."

त्या मला अध्यक्षांच्या खोलीपर्यंत घेऊन गेल्या. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. उभं राहूनच सांगितलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?" नाही म्हटलं. "दाखवा," ते म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "जानेवारीत पुन्हा येतो. त्यानंतर मात्र नाही. तेव्हाही असंच असेल तर स्लॅब."

परत येताना बाईंनी विचारलं, "चहा घेणार?" घेतला. गरम होता, एवढंच.

१९ डिसेंबर

मुलीला फोन करून सांगितलं. आधी ती गॅसबद्दल ओरडली. मग एकदम थांबली.

"बाबा, म्हणजे तुम्ही मला चव नाही, चव नाही म्हणत होता, ते…"

"ते खरंच चव नव्हती."

"आणि मी तुम्हाला सांगत होते वेळ लागेल म्हणून."

"डॉक्टरपण तेच म्हणाले होते."

ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली. मी रिसीव्हर धरून बसलो. काय बोलावं ते सुचेना. तिच्या आईला सुचलं असतं. शेवटी म्हणालो, "मीठ कळतं मला. साखरपण थोडी कळते." ती म्हणाली, "बरं."

नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तापाने असं होतं, म्हणाले. येईलही परत, सांगता येत नाही.

२३ डिसेंबर

गळती सापडली. शाळेमागच्या वळणावर नव्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि सगळी घाण सरळ ओढ्यात येत होती. गळती बरीच जुनी आहे, असं मुकादम म्हणाला. नवीन सांधा बसवला. आता पाणी वाहून साफ व्हायला दिवस लागतील. फळा ताईंकडे दिला. त्या लिहितात: फार. अक्षर बरं आहे.

मी तरीही त्याच वेळेला पुलावर जातो. दुसरं कुठे जायचं कळत नाही.

२९ डिसेंबर

हिचा स्वेटर ताईंकडे नेला. कोपराला उसवला होता. शिवून घ्यायचा म्हणून नेला, दुसरं काही नाही.

त्यांनी धागा बघायला तो चेहऱ्याजवळ धरला आणि थांबल्या. मशीन चालू होतं, ते बंद केलं.

"काका, याला अजून काकूंचा वास आहे. मी शिवते, पण तुम्ही धुऊ नका हं."

"कसला?" मी विचारलं.

"कसला म्हणजे? त्यांचा."

आणखी विचारायचं धाडस झालं नाही. दुकानात दुसऱ्या बायका होत्या. त्यांनी शिवून दिला तो तसाच आणून कपाटात ठेवला आणि दार नीट दाबून लावलं.

१० जानेवारी

गेले काही दिवस ताई "थोडा" लिहीत होत्या. काल पहिल्यांदा "नाही" लिहिलं आणि वर येऊन मला सांगून गेल्या. मी म्हटलं, "नक्की?" त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तरी असं विचारू नका."

आज समिती आली. मी पुलाच्या टोकाला मागे उभा होतो. अध्यक्षांनी फळा वाचला, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाले, "या फळ्यावर एकदा आम्ही फसलोय. इथे राहणाऱ्यांपैकी कोणी सांगेल का?" लोक एकदम बोलायला लागले. नाही साहेब, अजिबात नाही, फुलासारखा आहे. एक जण म्हणाला, अत्तर लावल्यासारखं वाटतंय. ते ऐकून अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, सगळे ठरवून बोलतायत. मलाही तसंच वाटलं असतं. तेवढ्यात त्यांना मी दिसलो. "तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "मला अजून येत नाही. ह्यांना विचारा." आणि गॅरेजवाल्याकडे बोट केलं.

तो दचकला. "मला कशाला मध्ये घेताय?"

"ह्यांना स्लॅब हवाय," मी अध्यक्षांना सांगितलं. "वास आहे म्हणण्यात ह्यांचा फायदा आहे. हे नाही म्हणाले तर नाही."

काय बोलून बसलो, असं मला लगेच वाटलं. इंजिनिअर बाईंनी तर डोळेच मिटले. तो आहे म्हणाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. गॅरेजवाला कठड्याशी आला. हाताला ऑइल होतं म्हणून आधी मागे जाऊन साबणाने हात धुऊन आला. ओणवा होऊन त्याने श्वास घेतला. सगळी गल्ली त्याच्या नाकाकडे बघत होती. तो खोटं बोलेल असं मला वाटत होतं आणि तो मात्र वेळ घेत होता.

"येतोय," तो म्हणाला.

कोणीतरी "हं, घ्या" म्हणालं.

"घाणीचा नाही हो. गवताचा. कापलंय कोणीतरी सकाळी." मग वैतागून माझ्याकडे वळला. "काय माणूस आहात! माझ्याच नाकाने माझं नाक कापलंत."

या वेळीही सगळे हसले. अध्यक्षांनी कागदावर सही केली, पुलावरच, ताईंच्या कपडे बेतायच्या फळीवर ठेवून. स्लॅब रद्द. जाताना माझ्या हातात इंजिनिअर बाईंनी नवा खडू दिला. मी तो ताईंना दिला.

वर आलो. आज खूप काही सांगण्यासारखं होतं. पलंगावर बसलो. मग उठून हे लिहायला घेतलं.

२७ जानेवारी

बाकांवर आता लोक बसतात. संध्याकाळी जागा मिळत नाही. म्हणून मी दुपारी जातो. आज एक बाई येऊन शेजारी बसल्या, ओळखीच्या नव्हत्या. कुठल्या तरी ऑफिसात काम करत असाव्यात, गळ्यात ओळखपत्र होतं. डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि पाण्याकडे बघून म्हणाल्या, "छान वास येतोय नाही?"

"हो" म्हणून गप्प बसता आलं असतं. एरवी बसलो असतो.

"कशाचा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, थट्टा करतोय का म्हणून. मग हातातला घास तसाच धरून विचार करायला लागल्या. "गवताचा आहे… पण नुसता गवताचा नाही." पुन्हा श्वास घेतला. "दगडाचा. ओला दगड उन्हात तापतो ना, तेव्हा कसा येतो? तसा. तुम्हाला नाही येत?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

त्या सांगत राहिल्या. डब्यातलं गार होत होतं. वर काठावर कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचा साबणही येतोय म्हणाल्या, पण अगदी कमी. मग वेळ झाली म्हणून उठल्या, आणि नाव न विचारताच गेल्या.

मी खाली वाकून पाण्याकडेचा एक दगड उचलला. एका बाजूने ओला होता, दुसऱ्या बाजूने कोमट. तेवढं मला कळलं.